शेवंताच्या पाठीमागची भिंत

दर वर्षी आखाजीला आमची फायरप्लेस चिखलदऱ्याहून भुसावळला माहेरपणाला येते. तिचं नाव शेवंता. ती माझी धाकटी बहीण लागते.

लागते म्हणजे काय, आहेच. आमचे दादा, तोताराम फेगडे, यांची तापीकाठी वीटभट्टी होती. थंड हवेच्या ठिकाणी लोक दिवाणखान्याच्या भिंतीतच शेकोटी बांधून घेतात, तिला वर धुराडं काढतात आणि फायरप्लेस म्हणतात. चिखलदऱ्याच्या गावंड्यांनी बंगला बांधला तेव्हा त्यांच्या फायरप्लेससाठी सहाशे विटा आमच्या भट्टीवरून गेल्या. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. ज्या घरची माती त्या घरची लेक, असं म्हणून दादांनी खणानारळानं विटांची ओटी भरवली आणि मग गाडी सोडली. रेशनकार्डावर तिचं नाव होतं, ते लग्नानंतर नियमाप्रमाणे कमी केलं. मी अडतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली आहेत. कागदाला धरून नसलेली गोष्ट मी बोलत नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात हा लेकींचा सण. दिवाळीला लेक आली नाही तर चालून जातं, पण आखाजीला आली नाही तर गल्ली दारात येऊन विचारते. भर वैशाखात, चव्वेचाळीस डिग्रीत, लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आमरस आणि पुरणाचे मांडे खातात, आणि त्यांनी इकडची काडी तिकडे करायची नसते. शेवंताला तर वैशाखात सासरीही काम नसतं. त्यामुळे रजेचा प्रश्न येत नाही.

लेकीला सासरहून आणायला जातो त्याला मुराळी म्हणतात. शेवंताचा मुराळी मीच. जावईबापू, म्हणजे तो बंगला, जागचे हलत नाहीत. त्यांचा स्वभावच जड. त्यामुळे सगळं बोलणं गावंड्यांशी, म्हणजे आमचे व्याही विनायकराव यांच्याशी होतं. यंदा मी गेलो तर त्यांनी चहा झाल्याबरोबर मला व्हरांड्यात नेलं.

"पाव्हणे, एक गोष्ट बोलाची होती."

"बोला ना."

"शेवंता ओढत नाही जी. दोन हिवाळे झाले. पेटवली का सारा धूर खोलीत. आमची मंडळी स्वेटरं घालून अंगणात जेवते." त्यांनी घसा साफ केला. "पोरगा म्हन्ते का विजेवरची आनू. काचेची. बटन दाबलं का जाळ."

"म्हणजे सवत?"

"आता काय सांगू बाप्पा! मी म्हटलं, आखाजी होऊ दे. मंग दोन दिवसांनी मी सोता भुसावळले येतो. तुमच्यासमोर पेटवू. धूर वर गेला तर वाजतगाजत नेतो. खोलीत आला तर…"

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माणूस सज्जन आहे.

शेवंताला उठवायला मी दिवाणखान्यात गेलो तेव्हा तिच्यामागची भिंत पाहिली. दोन वर्षांपूर्वी शहरातून डिझायनर बोलावून त्यांनी ती नव्यानं करून घेतली होती. जमिनीपासून छतापर्यंत करडा दगड. एक खिळा नाही, एक डाग नाही. कोणी टेकू नये म्हणून समोर जाड दोरी बांधलेली. काय नशीब काढलंय पोरीनं, असं मला तेव्हा वाटलं. माझी अक्कल तेव्हा चरायला गेली होती, हे मी आता मोकळेपणानं मान्य करतो.

येताना एसटीच्या कंडक्टरनं शेवंताकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई का सामान?"

"माहेरवाशीण," मी म्हणालो.

"मग अर्धं तिकीट. धुराडं खिडकीबाहेर काढू नका म्हणावं." त्यानं तिला खिडकीजवळची जागा दिली. एरवी ती घाटात गुणगुणते, वारा धुराड्यातून फिरतो तेव्हा. यंदा धारणी गेलं, बुऱ्हाणपूर गेलं, तरी तिनं हूं की चूं केलं नाही.

घरी पोचलो. माझी बायको कौसल्या तुकडा ओवाळून टाकायला दारात उभीच होती. शेवंता आत आली आणि पुढच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला तिची नेहमीची जागा आहे तिथे टेकून बसली. मी कौसल्येला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. ती पाटावर मटकन बसली.

"राहिली तर राहू दे इथे," मी म्हणालो. "आपल्याला काय जड आहे?"

"आपल्याला नाही हो. तिला होईल. भुसावळात फायरप्लेसला काम काय? रिकामं बसणं तिच्या हाडात नाही. आणि तिला जायचंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"स्टँडवर उतरली तेव्हा तोंड कुणीकडे होतं?"

मी आठवून पाहिलं. चिखलदऱ्याकडे होतं.

आमची सून हर्षाली हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. मुलगी हुशार, पण तिला घर सुधारायची खाज आहे. "पप्पा," ती म्हणाली, "तिकडे आत्यांना एवढी भारी भिंत, आणि इथे आपली ही. त्यांना लाज वाटत असेल. भिंत बदला, आत्या आपोआप ओढतील."

बोलणं मला पटलं. त्या भिंतीवर काय नव्हतं! गॅस कधी लागला त्याच्या तारखा लिहिलेलं कॅलेंडर, पिशव्या अडकवायची खुंटी, पंच्याचा खिळा, कोनाड्यात घड्याळ आणि घड्याळामागे खोचलेली लग्नपत्रिका, शिवाय माणसं टेकून टेकून पडलेले तेलाचे डाग. दुपारपर्यंत आम्ही भिंत रिकामी केली. इस्माईल मेस्त्री आले, त्यांनी दगडासारखा दिसणारा कागद आणला आणि दोन दिवस खपून वरपासून खालपर्यंत लावला. दोन बाजूंना हर्षालीनं पिवळ्या काचेचे दिवे बसवले. भिंत अशी झाली की शेजारच्या बायका पाहायला आल्या त्या उंबऱ्यातच थबकल्या. एरवी त्याच बायका भिंतीला पाठ लावून शेवया वळतात.

आखाजीच्या दिवशी सकाळी, पितरांची घागर पुजून झाल्यावर, मी एक जुनं वर्तमानपत्र चुरगाळून शेवंतात ठेवलं आणि काडी लावली.

सगळा धूर माझ्या तोंडावर आला. तिथून स्वयंपाकघरात गेला. खापरावरचे मांडे धुरकटले, कौसल्या खोकत परसात गेली, झोक्यावरच्या पोरी आग लागली म्हणून घागरी घेऊन धावत आल्या. माझा पारा चढला. "शेवंते," मी ओरडलो, "माहेरचं नाक कापायचं ठरवून आली आहेस का? एवढी भिंत केली तुझ्यासाठी, आणखी काय पाहिजे तुला? सवत आली म्हणजे कळेल!"

तिच्या आतून थोडी काजळी गळली. बाकी काही झालं नाही. सणाच्या दिवशी माहेरवाशिणीला मी असं बोललो. जेवताना मी रसाची वाटी तशीच बाजूला सारली आणि कौसल्येनं मला वाढायचं म्हणून वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. उद्या गावंडे येणार म्हणून घरात कोणाचं कशात लक्ष नव्हतं. मी अंघोळ करून पुढच्या खोलीत आलो, आणि माणसाचा हात जसा सवयीनं जातो तसा ओला पंचा मी भिंतीवर अडकवला. कागदाखाली खिळा होता तसाच होता, मेस्त्रींनी वरून नुसता कागद ताणला होता. तो टर्रकन फाटला आणि पंचा जागेवर बसला.

"पप्पा!" हर्षाली किंचाळली.

"थांब," मी म्हणालो.

शेजारच्या दारावरच्या तोरणाचा एक लांब दोरा तुटून शेवंताच्या तोंडाशी लोंबत होता. आतापर्यंत तो सरळ होता. आता त्याचं टोक आतल्या बाजूला वळून वर उचललं गेलं होतं. मी चष्मा लावून पाहिलं. बोटभर.

मी पंचा काढला. दोरा खाली आला. पंचा लावला. दोरा वर गेला.

पार्सल ऑफिसचा माणूस असल्या वेळी घाबरत नाही, वही काढतो. मी वही काढली. हर्षालीनं माळ्यावरून एकेक वस्तू आणून द्यायची, कौसल्येनं लावायची, मी दोरा मोजायचा. पिशव्यांच्या खुंटीला दीड बोट. कॅलेंडरला दोन. कॅलेंडरमागे लग्नपत्रिका खोचली तेव्हा आणखी एक, पण ती पत्रिका एका मोडलेल्या लग्नाची होती, त्यामुळे तिला एवढं का आवडलं ते मला सांगता येणार नाही. दादांचा फोटो लावला तर दोरा चक्क खाली आला.

"बघितलं?" मी म्हणालो. "दादांचा राग अजून आहे."

"असणारच. भट्टीत किती तापवली होती पोरीला," कौसल्या म्हणाली. आम्ही फोटो मधल्या खोलीत नेला.

मग पिवळे दिवे उतरवले. शेवटी हर्षालीनं स्वतःच कागदाचं एक टोक धरून ओढलं. "पाहुणी म्हणून वागवलं मी त्यांना," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "माहेरी येऊन कुणाला हॉटेलात बसायचंय?" कागद उतरला तसे तेलाचे डाग दिसायला लागले आणि दोरा एका झटक्यात चार बोटं वर गेला.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. मी पुन्हा वर्तमानपत्र लावून पाहिलं. निम्मा धूर वर, निम्मा खोलीत. पन्नास टक्के मालाची पोच घेता येत नाही.

कागदाच्या शेवटच्या पट्टीखाली, दाराशेजारी, पेन्सिलीच्या रेघा होत्या. आमच्या घरात दर आखाजीला सगळ्यांची उंची घेतात. पोरांची घेतात तशी म्हाताऱ्यांचीही घेतात. दादांची शेवटची रेघ पहिलीपेक्षा दोन बोटं खाली आहे. कौसल्येची नवी नवरी असतानाची आहे, हर्षालीची आहे, माझ्या तर छप्पन्न आहेत. हर्षाली खाली बसून नावं वाचत होती. वाचता वाचता तिनं मान वर केली.

"पप्पा, आत्यांची रेघ कुठे आहे?"

शेवंता त्रेसष्ट आखाज्यांना आली होती. दर वेळी तिच्या डोळ्यांसमोर आम्ही एकेकाला भिंतीला उभं केलं, डोक्यावर वही धरली, रेघ मारली, टाळ्या वाजवल्या. ती टेकून बसलेली असायची. तिला कोणी उभं केलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्खा भाऊ म्हणवतो मी स्वतःला!

"ऊठ बाई," मी म्हणालो.

आम्ही तिघांनी तिला भिंतीशी सरळ उभं केलं. मी तिच्यावर वही आडवी धरली आणि तिथेच एक अडचण निघाली. धुराडं धरायचं की नाही?

"आपण अंबाडा धरतो का उंचीत?" कौसल्या म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता. धुराडं सोडून मी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: शेवंता, चार फूट दोन इंच.

आधी दोरा गेला. मग हातातली पेन्सिल गेली. मग माझी टोपी डोक्यावरून सुटली, शेवंताच्या तोंडात शिरली आणि धुराड्यातून वर निघून गेली. कौसल्येनं पदर दोन्ही हातांनी धरला आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. हर्षालीनं टाळ्या वाजवल्या. शेवंताच्या आत वारा गुणगुणत होता, घाटात गुणगुणतो तसा.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता विनायकराव आले. पारा चव्वेचाळीसवर होता. तोवर गल्लीत बातमी पसरली होती आणि पुढची खोली गच्च भरली होती. शेकोटीपाशी नुसत्या सदऱ्यावर बसणं बरं दिसत नाही म्हणून लोकांनी स्वेटर घातले होते. काहींनी कानटोप्याही आणल्या होत्या. इस्माईल मेस्त्रींनी शाल पांघरली होती आणि ते घामानं निथळत पहिल्या रांगेत बसले होते.

बाभळीची सुकी लाकडं रचली. कौसल्येनं हळदकुंकू वाहिलं. मी विनायकरावांच्या हातात काडेपेटी दिली.

"तुम्हीच लावा," मी म्हणालो. "नंतर शंका नको."

त्यांनी काडी लावली. जाळ धरला. पहिल्यांदा एक बारीक भुरका धूर बाहेर डोकावला आणि सगळ्या खोलीनं श्वास रोखला. मग धुरानं मान वळवली आणि तो सरळ वर गेला. बाहेर झोक्यावरच्या पोरी ओरडल्या, "दिसला! वर दिसला!" आणि त्यांनी तिथूनच आखाजीच्या गौराईचं गाणं उचललं. आतल्या बायकांनी ते धरलं. चव्वेचाळीस डिग्रीत लाकडं धडाडून पेटली होती, माणसं घामानं भिजली होती, हात शेकत होती आणि एकमेकांना म्हणत होती, वा, काय ऊब आहे! मी एवढी आनंदी गर्दी आयुष्यात पाहिली नाही. विनायकरावांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. घाम होता की दुसरं काही, ते मी विचारलं नाही.

जाळ बसल्यावर ते उठून भिंतीजवळ गेले. खुंटीवरच्या पिशव्या पाहिल्या, डागांवर हात फिरवला, रेघा खालून वर वाचल्या. शेवंताच्या रेघेपाशी थांबले.

"पाव्हणे, नेतो मी शेवंताले," ते म्हणाले. "पोराले सांगतो, बटनाची नाही पाहिजे म्हनून. पन मले एक भेव वाटते. तिकडं त्या दगडापुढं बसली का पुन्हा गप होईन."

हे खरं होतं. एवढं करून दिवाळीपर्यंत पुन्हा धूर खोलीत येणार आणि पुन्हा बटणाची गोष्ट निघणार.

"मग भिंत न्या," कौसल्या म्हणाली.

"अगं, काय बोलतेस!" मी म्हणालो. "माझ्या छप्पन्न रेघा आहेत तिच्यावर. दादांच्या आहेत. आणि छताचं काय?"

"तुमच्या घरानं तिच्या लग्नात पाठराखीण दिली होती का सोबत?"

नव्या नवरीबरोबर सासरी चार दिवस घरचं बाईमाणूस जातं, तिला पाठराखीण म्हणतात. दादांनी सहाशे विटा एकट्याच धाडल्या होत्या. गाडीत जागा नव्हती म्हणे.

"नाही," मी म्हणालो.

"मग आता द्या."

छताचा विषय मी इस्माईल मेस्त्रींकडे सोपवला. त्यांनी शाल बाजूला ठेवली, उरलेल्या तिन्ही भिंतींवर बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला आणि सांगितलं, "घेतात म्हणतात सांभाळून."

मी भिंतीपाशी उभा राहिलो. दादांच्या रेघेवर हात ठेवला. द्यायचं मनात नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग शेवंताकडे पाहिलं. निखारे लाल होते आणि ती कधी नव्हे ती चिखलदऱ्याकडे नाही, माझ्याकडे तोंड करून बसली होती.

"ने बाई," मी म्हणालो.

दोघींच्या ओट्या भरल्या. पंचा आणि पिशव्या भिंतीवरच राहू दिल्या, फक्त गॅसच्या तारखांचं कॅलेंडर कौसल्येनं काढून घेतलं, कारण ते लागतं. सगळी गल्ली स्टँडपर्यंत गेली. कंडक्टर तोच होता. "सोबत कोण?" त्यानं विचारलं. पाठराखीण म्हटल्यावर त्यानं आणखी एक अर्धं तिकीट फाडलं आणि भिंतीला शेवंताच्या मागच्या सीटवर बसवलं.

डिसेंबरात विनायकरावांचं पत्र आलं. धूर सरळ वर जातो आहे. करडा दगड काढून तुळशीभोवती लावला. भिंतीवर आता त्यांच्याही सगळ्या माणसांच्या रेघा आहेत, आमच्या रेघांना धक्का न लावता, डावीकडून. बटणाची मागणारा मुलगा रोज संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसतो आणि जेवायलाही उठत नाही. पाठराखिणीला परत पाठवायला घरातलं कोणी तयार नाही, तरी राग नसावा.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचा माणूस घराची मोजणी करायला आला. पुढच्या खोलीत आम्ही ऊन खात बसलो होतो, रस्त्यावरून जाणारा येणारा रामराम करत होता. त्यानं टेप काढला, फॉर्म काढला.

"भिंती किती?"

"चार."

त्यानं मान फिरवून पाहिलं. "तीन दिसतात."

"चौथी चिखलदऱ्याला असते. बहिणीजवळ."

त्यानं तसं लिहून घेतलं. कौसल्येनं त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यानं बशीत ओतला, फुंकर मारली.

"थंडी फार असेल तिकडे," तो म्हणाला.

"फार," मी म्हणालो. "पण दोघी मजेत आहेत."